संप पंप : निर्गम नळजोडणी

जमिनीच्या पातळीखालील टाकीत किंवा खड्ड्यात साठलेले पाणी पंपाने उचलून वरच्या टाकीकडे अथवा गटाराकडे नेणारा नळ, त्यावरील झडपा व सांधे यांच्या मांडणीस संप पंपाची निर्गम नळजोडणी म्हणतात. ‘संप’ हा इंग्रजीतून आलेला शब्द शहरी मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे : (१) नळाचे पाणी साठविण्यासाठी अंगणाखाली किंवा वाहनतळाखाली बांधलेली बंदिस्त टाकी, (२) तळघरात झिरपलेले पाणी, पावसाचे पाणी किंवा सांडपाणी जेथे गोळा होते तो खड्डा. दोन्ही ठिकाणी पंप पाण्यात किंवा पाण्याच्या अगदी जवळ, अडचणीच्या व अंधाऱ्या जागी बसविलेला असतो. त्याचे धारवे, पाणी अडविणारी सील आणि विद्युत् वेटोळी झिजतात वा जळतात आणि केव्हातरी तो बाहेर काढावाच लागतो. म्हणून जोडणीतील भागांची निवड करताना पाणी वर चढते की नाही एवढेच पाहून भागत नाही. पंप बंद पडेल त्या दिवशी तो थोड्या वेळात, नळ न कापता आणि माणसाला संपात न उतरविता बाहेर काढता येतो की नाही, ही जोडणीची खरी कसोटी होय.

पार्श्वभूमी : छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट दिसते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबर याने त्या वेळच्या खडकी गावासाठी ‘नहर-ए-अंबरी’ ही भूमिगत जलवाहिनी बांधली. भूजल उताराने वाहत शहरात येई. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नसे. या वाहिनीवर ठिकठिकाणी आत उतरून तपासणी व साफसफाई करण्यासाठी विवरे ठेवलेली होती. पाणचक्कीला पाणी पुरविणारी मातीच्या नळांची योजनाही उताराच्या व वक्रनलिकेच्या तत्त्वावर चालणारी होती. वाहिनी बांधतानाच तिच्या देखभालीची वाट ठेवणे, हे तत्त्व त्या काळच्या कारागिरांना पुरेपूर अवगत होते.

विसाव्या शतकात परिस्थिती पालटली. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या व १९७६ मध्ये उद्‌घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय (नाथसागर) हा शहराचा मुख्य जलस्रोत झाला. या जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मी., तर शहराची उंची सुमारे ५७० मी. आहे. त्यामुळे शहरात येणारे पाणी १०० मी.हून अधिक उचलावे लागते. २०१० नंतरच्या दशकात शहराच्या बहुतेक भागांत नळाला पाणी रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येत असे. जालना रस्ता व बीड वळणरस्ता यांच्या दरम्यान पसरलेल्या गारखेडा भागातही हीच स्थिती होती. मूळचे खेडे असलेल्या या भागात पुढे स्वतंत्र घरे, रोहाऊस व बहुमजली गृहसंकुले दाटीने उभी राहिली. कमी दाबाने व थोडा वेळ येणारे पाणी जमिनीखालील संपात उतरवून घ्यायचे आणि मग पंपाने गच्चीवरील टाकीत चढवायचे, ही पद्धत त्यामुळे घरोघर रूढ झाली. अशा घरात संपातील पंप बंद पडला, तर खाली टाकी भरलेली असूनही वर थेंब जात नाही. दुरुस्तीस दोन दिवस लागणे व दोन तास लागणे यांतील फरक पुष्कळदा युनियन नावाच्या एका लहान सांध्यावर अवलंबून असतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रस्त्यावरील जलवाहिनीला थेट मोटर जोडून पाणी ओढण्याची प्रथा घातक आहे. वाहिनीत ऋण दाब निर्माण होऊन फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे दूषित पाणी आत शिरते. नळाचे पाणी संपात मोकळे पडू द्यावे व नळाचे तोंड संपातील सर्वोच्च पातळीच्या वर ठेवावे. पंप संपातील पाण्यालाच जोडावा.

पंपाचे प्रकार व जोडणी : घरगुती संपासाठी मुख्यतः दोन प्रकारचे केंद्रोत्सारी पंप वापरतात [⟶ पंप]. पहिला ‘मोनोब्लॉक’ पंप; तो संपाबाहेर कोरड्या जागी असतो आणि चूषण नळाने पाणी ओढतो. दुसरा पाण्यात बुडवून ठेवायचा ‘ओपनवेल सबमर्सिबल’ पंप. याच्यासाठी भारतीय मानक आय. एस. १४२२० आहे. पहिल्याची मोटर सहज हाताशी असते, परंतु चूषण नळाच्या टोकाशी असलेली फूट व्हॉल्व्ह पाण्याखाली असते व पंपाची अर्धीअधिक दुखणी तिच्यापासूनच उद्‌भवतात. चूषणाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. सु. ५७० मी. उंचीवर वातावरणाचा दाब पाण्याच्या सु. ९.६ मी. उंच स्तंभाएवढा असतो. व्यवहारात ६ मी.पेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढण्याची अपेक्षा धरू नये. चूषण नळावरील युनियन हवाबंद असलीच पाहिजे, कारण तेथून पाणी गळत नाही, तर हवा आत शिरते आणि पंप ‘पाणी सोडतो’. दुसऱ्या प्रकारात चूषण नळ नसतो. मात्र संपूर्ण पंप पाण्याखाली असल्याने निर्गम नळाची जोडणीच त्याच्या दुरुस्तीचे दार ठरते.

भागांचा क्रम : निर्गम नळावर तीन भाग अत्यावश्यक आहेत : सोडता येणारा सांधा (युनियन), एकदिश झडप आणि बंद करण्याची झडप. बाजारात एकदिश झडपेस ‘चेक व्हॉल्व्ह’ किंवा ‘एन. आर. व्ही.’ म्हणतात, बंद करण्याच्या झडपेस ‘कॉक’ किंवा ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात. पंपापासून वर जाताना यांचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : पंपाचे निर्गम तोंड, उभा नळ, युनियन, एकदिश झडप, बंद करण्याची झडप आणि नंतर गच्चीकडे जाणारा नळ.

या क्रमामागील कारण सोपे आहे. बंद करण्याची झडप सर्वांत वर असल्याने ती मिटली की वरच्या नळातील पाणी तेथेच अडून राहते. मग युनियन सोडून पंप काढता येतो व एकदिश झडपही उघडून तपासता येते. झडपेचा क्रम उलटा झाला, म्हणजे बंद करण्याची झडप खाली व एकदिश झडप वर बसविली, तर एकदिश झडप दुरुस्त करताना नळातील सगळे पाणी अंगावर येते. ३२ मिमी. व्यासाच्या १० मी. उंच नळात सुमारे १० लि. पाणी असते; ते पंपावर, विजेच्या जोडणीवर व काम करणाऱ्या माणसावर एकाएकी कोसळणे धोक्याचे असते. एकदिश झडप व वरची झडप यांच्यामध्ये १५ मिमी.चा लहान निचरा कॉक बसविल्यास तेथे अडकलेल्या पाण्याचा दाब आधी सोडता येतो. एकदिश झडपेच्या दोन्ही बाजूंस एकेक युनियन दिल्यास झडप न फिरविता सरळ बाहेर निघते. ही सोय थोडी खर्चाची असली, तरी अरुंद जागेत तिचे मोल कळते.

युनियनची जागा तिच्या प्रकाराइतकीच महत्त्वाची आहे. ती संपाच्या झाकणापासून हात पोहोचेल इतक्या अंतरावर, म्हणजे साधारणपणे ३० सेंमी.च्या आत असावी व तिच्याभोवती पाना फिरेल इतकी मोकळी जागा असावी. भिंतीला चिकटलेली युनियन असून नसल्यासारखी होय. पंप झाकणाच्या बरोबर खाली ठेवावा व झाकणाचे तोंड पंपाच्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा मोठे असावे. पंप आधी बसवून मग तोंड लहान बांधल्यास पुढे स्लॅब फोडावी लागते.

सोडता येणारे सांधे : युनियनचे तीन भाग असतात : दोन टोकांचे तुकडे व त्यांना एकत्र आवळणारी मोठी चाकी. दोन्ही बाजूंचे नळ न फिरविता चाकी सोडून सांधा विलग होतो, हे तिचे वैशिष्ट्य. जस्तलेपित लोखंडी (जी. आय.) नळासाठी घडीव बिडाची युनियन वापरतात. तिचे आसन शंकूच्या आकाराचे असून त्यावर पितळी कडे असल्यास ती वारंवार सोडून आवळता येते. सपाट आसनाच्या युनियनमधील रबरी वायसर प्रत्येक वेळी बदलावा. प्लॅस्टिक नळाच्या युनियनमध्ये रबरी वलय असते. ती हातानेच आवळायची असते. पान्याने जोर केल्यास चाकी तडकते.

युनियनला काही पर्याय आहेत. (१) लांब आट्यांचा नळ व मागील चाकी यांचा जुना सांधा : जागा लागते व सुतळी-सफेद्याने बंद केलेला भाग पुन्हा नीट बसत नाही. (२) फ्लँज : दोन तबकड्या, मध्ये रबरी गॅस्केट व बोल्ट, ६५ मिमी. व त्याहून मोठ्या नळांसाठी योग्य. बोल्ट गंजत असल्याने ते अगंज पोलादाचे घ्यावेत. (३) उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनच्या (एच. डी. पी. ई.) नळाचा दाबसांधा : त्याची चाकी सोडली की नळ निघतो, म्हणून तो स्वतःच युनियनचे काम करतो. (४) रबरी नळी व क्लिप : सांडपाण्याच्या लहान पंपास, कमी दाबावर चालते, गच्चीपर्यंत पाणी चढविणाऱ्या नळावर ती कायमची वापरू नये, कारण क्लिप सैल होऊन नळी निसटते.

नळाचा पदार्थ व मापे : जी. आय. नळ (आय. एस. १२३९) दणकट असतो, परंतु दमट संपात त्याच्या आट्यांवरचे जस्त कापले गेलेले असल्याने तेथूनच गंज लागतो व काही वर्षांत युनियन जाम होते. दाब सोसण्यासाठी बनविलेल्या अप्लॅस्टीकृत पॉलिव्हिनिल क्लोराइडच्या (यू. पी. व्ही. सी.) नळास (आय. एस. ४९८५) गंज लागत नाही. या मानकात नळांचे दाबवर्ग २.५ ते १२.५ किग्रॅ./चौ. सेंमी. असे आहेत, सांडपाण्याच्या उताराच्या नळासाठी असलेला पातळ नळ पंपाच्या निर्गमास कधीही वापरू नये. नळाचा दर्शनी दाब सुमारे २७° से. तापमानासाठी दिलेला असतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से.च्या वर जाते व भिंतीवरील उघडा नळ त्याहून अधिक तापतो; म्हणून वरचा दाबवर्ग निवडावा व नळ रंगाने अथवा आच्छादनाने उन्हापासून झाकावा. क्लोरिनीकृत प्रकार (सी. पी. व्ही. सी., आय. एस. १५७७८) उष्णता अधिक सोसतो.

मापांचा घोटाळा ही या कामातील नित्याची अडचण आहे. जी. आय. नळाचे माप आतील नाममात्र व्यासाने सांगतात, आय. एस. ४९८५ प्रमाणे बनविलेल्या पी. व्ही. सी. नळाचे माप बाहेरील व्यासाने सांगतात. त्यामुळे ‘४० मिमी.’चा असा पी. व्ही. सी. नळ साधारणपणे ३२ मिमी.च्या जी. आय. नळाशी जुळतो, ४० मिमी.च्या नळाशी नव्हे. शिवाय इंची मापाच्या अमेरिकी मानकानुसार बनविलेले पी. व्ही. सी. नळही बाजारात मिळतात. १ इंची अशा नळाचा बाह्य व्यास ३३.४ मिमी. असतो, तर जवळच्या मेट्रिक नळाचा ३२ मिमी. असतो, एकाचा एल्बो दुसऱ्यावर बसत नाही किंवा सैल बसून गळतो. सी. पी. व्ही. सी.चे १ इंची माप तर बाहेरून २८.६ मिमी.च असते. म्हणून नळ, एल्बो, टी व युनियन एकाच मानकाचे घ्यावेत आणि दुरुस्तीसाठी जाताना जुन्या नळाचा तुकडा दुकानात बरोबर न्यावा.

पी. व्ही. सी.चे सांधे ‘सोल्यूशन’ लावून चिकटवितात. असा सांधा काही मिनिटांत धरतो, परंतु पूर्ण बळ येण्यास साधारण २४ तास लागतात व तो पुन्हा सुटत नाही. युनियन नसलेली अशी जोडणी दुरुस्त करताना नळ कापावा लागतो, एल्बो वाया जातो आणि नव्या सांध्यासाठी सरळ लांबी उरत नाही. पाणी येण्याचा वार ठरलेला असलेल्या वस्तीत सांधा वाळण्याची ही एक दिवसाची वाट महागात पडते. त्यामुळे जेथे चिकटविणे अपरिहार्य असेल, तेथे प्रत्येक झडपेच्या बाजूस निदान १५ सेंमी. सरळ नळ राखावा.

आटे : भारतातील नळांचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, ५५° कोनाचे असतात (आय. एस. ५५४), अमेरिकी आट्यांचा कोन ६०° असतो. परदेशी पंप वा झडप बसविताना हा फरक तपासावा. दोनतीन फेरे बसले म्हणजे आटे जुळले असे नव्हे. धातूचा निमुळता बाह्य आटा प्लॅस्टिकच्या अंतर्गत आट्यात आवळल्यास पाचरीप्रमाणे ताण पडून प्लॅस्टिक चिरते. याच्या उलट रचना, म्हणजे प्लॅस्टिकचा बाह्य आटा धातूत, सुरक्षित असते. जेथे अंतर्गत आटा अटळ असेल, तेथे पितळी आटे बसविलेला जोडभाग घ्यावा. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आवळण्याच्या दिशेने, टोकाचा एक आटा मोकळा सोडून गुंडाळावी. युनियनच्या चाकीच्या आट्यांवर पट्टी लावू नये. तेथे पाणी आसनावर अडते, आट्यांवर नव्हे.

व्यास व घर्षणऱ्हास : पंपास केवळ पाणी उचलण्याची उंचीच नव्हे, तर नळातील घर्षणाचा विरोधही भरून काढावा लागतो. हा विरोध पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे शीर्षात, मोजतात. उदा., मिनिटास ६० लि. पाणी देणारा पंप, १२ मी. उंची व एकूण २० मी. नळ घेतल्यास २५ मिमी. नाममात्र व्यासाच्या जी. आय. नळात पाण्याचा वेग सु. १.७ मी./से. व घर्षणऱ्हास सु. ३.५ मी. येतो. ३२ मिमी.च्या नळात वेग सु. १ मी./से. व ऱ्हास सु. ०.९ मी. येतो. केवळ एक माप वाढविल्याने घर्षण जवळजवळ चौथाईवर येते.

जोडणीतील भागांचा विरोध समतुल्य सरळ नळाच्या लांबीत सांगण्याची पद्धत आहे. नळाच्या व्यासाच्या पटीत तो साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो : काटकोनी एल्बो ३०, टी-मधून वळणारा प्रवाह ६०, पूर्ण उघडी गेट झडप ८, पूर्ण छिद्राची बॉल झडप ३, पाखीची एकदिश झडप ५० ते १००, ग्लोब झडप ३४०. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, निर्गम नळावर ग्लोब झडप वापरणे चुकीचे असून गेट किंवा बॉल झडपच योग्य. दोन, युनियनमधून प्रवाह सरळ जात असल्याने तिचा विरोध नगण्य असतो. चार एल्बो, एक पाखीची झडप व एक गेट झडप यांनी वरील उदाहरणातील ३२ मिमी.च्या नळात सु. ०.४ मी. शीर्ष वाढते, त्यात दोन युनियन मिळविल्या तरी फरक जाणवत नाही. पंप सोडता येण्याची सोय पंपाची शक्ती खाते, हा समज निराधार आहे.

एकदिश झडप व जलाघात : पंप थांबताच नळातील पाणी मागे येऊ लागते. एकदिश झडप नसेल, तर ते पाणी संपात परत जाते, पंपाची चक्री उलटी फिरते व त्याच वेळी पंप पुन्हा सुरू केल्यास आट्याने बसविलेली चक्री सैल होऊ शकते. पाखीची झडप आडव्या नळात किंवा वर वाहणाऱ्या उभ्या नळातच चालते. तिची पाखी पाणी उलटल्यावर उशिरा मिटते व आदळते. स्प्रिंगची झडप प्रवाह उलटण्यापूर्वीच मिटत असल्याने उंच नळासाठी अधिक चांगली. मात्र तिच्यात कचरा अडकतो. गढूळ पाण्यासाठी रबरी गोळ्याची झडप उपयुक्त असते. झडपेवरील बाण प्रवाहाच्या दिशेने असल्याची खात्री करावी.

वाहते पाणी एकाएकी अडले, तर दाबाची लाट उत्पन्न होते. तिला जलाघात म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ झुकॉव्हस्की यांनी १८९८ मध्ये दाखविल्याप्रमाणे दाबवाढ ही लाटेचा वेग व प्रवाहाच्या वेगातील बदल यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. लोखंडी नळात लाटेचा वेग सु. १,३०० मी./से. असल्याने १ मी./से.चा प्रवाह क्षणात थांबल्यास शीर्ष सु. १३० मी.ने वाढते, पी. व्ही. सी.त लाटेचा वेग बराच कमी असल्याने ही वाढ साधारण ४० ते ५० मी. एवढी राहते. पंप बंद होताना भिंतीत ‘धाड’ असा आवाज येणे हे याचेच लक्षण होय. नळाचा व्यास वाढवून वेग कमी करणे व लवकर मिटणारी झडप बसविणे हे त्यावरील उपाय आहेत.

पंप व एकदिश झडप यांच्यामध्ये हवा कोंडली, तर पंप फिरतो पण पाणी चढत नाही. संप पूर्ण रिकामा होऊन पुन्हा भरल्यावर हा दोष उद्‌भवतो. उभ्या नळास झडपेच्या खाली, संपाच्या आतच, ३ मिमी.चे छिद्र पाडल्यास हवा निघून जाते. त्यातून येणारी बारीक धार संपातच पडते व तिच्यामुळे होणारी हानी किरकोळ असते. हे छिद्र चुन्याच्या थराने बुजते. म्हणून पंप काढला की ते साफ करावे.

आधार व उचलण्याची सोय : पाण्याने भरलेल्या उभ्या नळाचे वजन पंपावर किंवा युनियनवर येऊ देऊ नये. नळ भिंतीस चिमट्यांनी धरावा. पी. व्ही. सी.चे तापप्रसरण अधिक असते, १० मी. लांबीचा नळ ३०° से. तापमान वाढल्यास सु. २ सेंमी. लांबतो, म्हणून चिमटे नळाला सरकू देतील असे असावेत. नळ जेथे संपाची किंवा घराची भिंत ओलांडतो, तेथे मोठ्या व्यासाची बाही ठेवावी. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, तेव्हा घट्ट बांधलेला नळ तडकतो. पंपास नायलॉनचा दोर किंवा अगंज पोलादाची साखळी बांधून तिचे टोक झाकणाजवळ अडकवावे. विजेच्या तारेने पंप उचलणे अत्यंत धोक्याचे असते.

सांडपाण्याचा व तळघराचा संप : येथे घन पदार्थ वाहून नेण्यासाठी नळात किमान ०.६ मी./से. वेग राहणे आवश्यक असते. म्हणून अकारण मोठा व्यासही चालत नाही. मात्र पंपाच्या तोंडापेक्षा लहान नळ कोठेही वापरू नये व एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड घ्यावेत. निर्गम नळ रस्त्याच्या पातळीपेक्षा वर नेऊन मग गटाराकडे वळवावा. मुसळधार पावसात रस्त्यावरचे गटार तुंबले, तर हे उंच वळण व एकदिश झडप मिळून पाणी उलटे तळघरात येण्यास अडवितात. आपोआप चालू-बंद होण्यासाठी लावलेल्या तरंगत्या स्विचला हालचालीस मोकळी जागा ठेवावी. तो दोरात वा नळाच्या चिमट्यात गुंतल्यास पंप चालूच राहतो किंवा चालूच होत नाही. मोठ्या संकुलांत पंप मार्गदर्शक दांड्यांवरून खाली सोडतात व तो स्ववजनाने निर्गम बेंडवर बसतो. साखळी ओढताच तो सुटून वर येतो. ही व्यवस्था म्हणजे युनियनच्याच तत्त्वाची पुढची पायरी होय.

सुरक्षितता : बंदिस्त संपात प्राणवायू कमी होऊ शकतो व सांडपाण्याच्या संपात हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठतात. पहिला माणूस बेशुद्ध पडल्यावर त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो व दोघेही प्राण गमावतात, असे अपघात वारंवार घडले आहेत. मलवाहिनी व मलकुंड यांची सुरक्षा साधनांविना धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. घरच्या संपाबाबतही झाकण उघडून पुरेसा वेळ हवा खेळू देणे, आत दिवा किंवा काडी पेटवून न पाहणे आणि एकट्याने न उतरणे हे नियम पाळावेत. पंपास हात लावण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. मुख्य स्विच तोडून त्याच्याजवळ कोणीतरी थांबावे. पंपाच्या विद्युत् मंडलात ३० मिलिअँपिअर गळतीस तुटणारा संरक्षक स्विच व चांगले भूसंपर्कन असावे. युनियन झाकणाजवळ असेल, तर या धोक्यांपैकी बहुतेकांचा प्रसंगच येत नाही, कारण पंप वरूनच सुटतो व वरूनच उचलला जातो.

देखभाल : वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यापूर्वी, बंद करण्याची झडप पूर्ण मिटवून पुन्हा उघडावी, न फिरविलेली झडप गरजेच्या वेळी अडकते. त्याच वेळी युनियन एकदा सोडून आवळावी, तिचे रबरी वलय तपासावे व एकदिश झडपेतील कचरा काढावा. दख्खनच्या बेसाल्टी खडकातील विंधन विहिरींचे पाणी पुष्कळदा कठीण असते, ते संपात मिसळत असल्यास झडपेच्या आसनावर साचलेला थर सौम्य आम्लाने (उदा., लिंबाच्या सत्त्वाच्या द्रावणाने) धुवावा. पंप बंद असताना वरच्या टाकीची पातळी आपोआप उतरत असेल किंवा संपात पाणी पडल्याचा आवाज येत असेल, तर एकदिश झडप मिटत नाही असे समजावे. मात्र निर्गम नळ टाकीच्या पाण्याच्या वर मोकळा उघडत असेल, तर टाकीचे पाणी परत येत नाही, केवळ नळातील स्तंभच रिकामा होतो. युनियनचे वलय, वायसर, टेफ्लॉनची पट्टी व त्याच मानकाचा एक जादा सॉकेट घरात ठेवल्यास रात्रीच्या वेळी दुकान शोधावे लागत नाही. झाकणाच्या आतील बाजूस नळाचा व्यास, मानक आणि झडप बदलल्याची तारीख रंगाने लिहून ठेवल्यास पुढील कारागिरास अंदाजाने काम करावे लागत नाही.